हॅरिएट टबमन : ३०० की ७०? मुलांना नक्की काय सांगायचं?

रानजाई
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय आणि जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

आमच्या इथल्या मराठी शाळेत (आम्ही न्यू जर्सीत असतो) महिला दिनाच्या कार्यक्रमात प्रत्येक मुलाने आपल्याला आवडणाऱ्या एका बाईबद्दल पाच मिनिटं मराठीत बोलायचंय. माझ्या लेकीने, वय वर्षे १०, हॅरिएट टबमन निवडली. इथे शाळेत शिकवतात तिच्याबद्दल. मेरीलँडमध्ये साधारण १८२२ साली गुलाम म्हणून जन्मली, १८४९ ला पळून फिलाडेल्फियाला पोचली, सुटली, आणि मग स्वस्थ बसायचं सोडून पुन्हा पुन्हा त्याच मेरीलँडमध्ये शिरून माणसं बाहेर काढत राहिली.

लेकीच्या भाषणात होतं: १९ फेऱ्या, ३०० माणसं, डोक्यावर ४०,००० डॉलरचं बक्षीस. मी आपली मराठी वाक्यं तपासायला बसले होते, सहज आकडेही बघितले. तर अभ्यासकांनी कागदपत्रं चाळून काढलेला हिशेब असा की फेऱ्या १३ च्या आसपास, आणलेली माणसं साधारण ७०, आणि शिवाय जवळपास तेवढ्याच लोकांना तिने वाट नीट समजावून दिली आणि ते आपले आपण सुटले. ४०,००० च्या बक्षिसाचा कागद कुठेच नाही. खरी जाहिरात आहे ती मालकिणीने ऑक्टोबर १८४९ ला दिलेली. त्यात तिचं लहानपणीचं नाव 'मिंटी', वय सुमारे २७, आणि बक्षीस राज्याबाहेर सापडली तर १०० डॉलर, राज्यात सापडली तर ५०.

हे लेकीला सांगितलं आणि तिचं तोंड एवढंसं झालं. "म्हणजे ती तेवढी ग्रेट नव्हती?" असं विचारलं तिने. मला पटकन काही बोलताच आलं नाही. कार्यक्रम ८ दिवसांवर आहे. तुम्ही काय सांगितलं असतं?

सातारकर_मास्तर
ताई, तीस वर्षं पोरांना शिकवलंय म्हणून हक्काने सांगतो, राहू द्या ३००. दहा वर्षांच्या पोरीच्या मनात ज्योत पेटलीय, त्यावर तळटिपांचं पाणी कशाला ओतताय. मोठी झाली की वाचेल स्वतः.

हिशेबनीस
मास्तर, आदर आहे पण अजिबात पटलं नाही. ३०० आणि १९ हे आकडे आले तिच्या पहिल्या चरित्रातून, १८६० च्या दशकाच्या शेवटी ते घाईघाईने लिहून छापलं होतं, आणि उद्देश चांगला होता, पुस्तक विकून टबमनबाईंच्या घरावरचं कर्ज फेडायचं. पण ती स्वतः १८५०-६० मध्ये सभांमधून सांगायची तेव्हा आकडा पन्नास-साठ माणसं, आठ-नऊ फेऱ्या असाच असायचा. म्हणजे फुगवलं इतरांनी, बाईने नाही. जिने स्वतःबद्दल खोटं सांगितलं नाही तिच्याबद्दल आपण का सांगायचं?

आणि ते वाक्य फिरतं ना सगळीकडे, "मी हजार गुलाम सोडवले, आपण गुलाम आहोत हे त्यांना कळलं असतं तर आणखी हजार सोडवले असते", तेही तिचं नाही. मला तर ते वाक्य अपमानास्पद वाटतं. गुलामीत जन्मलेल्या माणसाला आपण गुलाम आहोत हे कळत नव्हतं असं कोण म्हणेल?

कोमल_गंधार
+१ हिशेबनीस. त्या शेवटच्या वाक्याला तर शंभर वेळा.

आडवाटेचा_पांथस्थ
मी मेरीलँडमध्येच राहतो, तिच्या गावाकडे दोनदा जाऊन आलोय म्हणून लिहितो.

डॉर्चेस्टर काउंटी. नकाशात सपाट हिरवं दिसतं पण प्रत्यक्षात सगळी दलदल आहे, खारं पाणी, कमरेपर्यंत गवत, आणि डास असे की गाडीची काच खाली केली की संपलं. आता त्यातला मोठा भाग पक्ष्यांसाठी राखीव आहे, ब्लॅकवॉटर म्हणतात. ती सहा-सात वर्षांची असताना तिला दुसऱ्यांकडे कामाला भाड्याने दिलं होतं आणि काम काय, तर मस्करॅटचे सापळे तपासायचे. मस्करॅट म्हणजे घुशीएवढा पाण्यात राहणारा प्राणी, कातड्यासाठी धरायचे. सापळे पाण्यात, त्यामुळे पोरीने थंडीत कमरेएवढ्या पाण्यात उतरायचं. अंगात गोवर असताना पण पाठवली होती. मी तिथे मार्चमध्ये गेलो होतो, पाण्यात नुसता हात घातला आणि बधीर झाला.

तिथून जवळच बकटाउनच्या फाट्यावर दुकान आहे, किराण्याचं असतं तसं. ती १२-१३ वर्षांची असताना काम सोडून गेलेल्या एका गुलामाच्या मागे मुकादम धावत आला, काउंटरवरचं दोन पौंडाचं वजन उचलून त्याच्यावर फेकलं आणि ते लागलं दारात उभ्या या पोरीच्या डोक्याला. दोन पौंड म्हणजे आपलं किलोचं वजन असतं त्यापेक्षा जरासं हलकं. एकदा हातात धरून बघा आणि मग विचार करा. कवटी फुटली. त्यानंतर आयुष्यभर तिला बोलता बोलता अचानक झोप लागायची, फिट यायची, स्वप्नं दिसायची. ती म्हणायची देव बोलतो.

आता मला सांगा, जिला वाटेत कधीही शुद्ध हरपू शकते ती बाई रात्रीच्या अंधारात दहा-बारा माणसं घेऊन शंभर मैल चालते, मागे कुत्री. यात ७० कमी वाटतात कुणाला?

चिमणचारा
भाचा विचारत होता की जमिनीखालून गाडी होती तर इंजिनाचा धूर कुठे जायचा 🙂 पळणाऱ्या गुलामांना लपवत लपवत पुढे पोचवणाऱ्या माणसांच्या साखळीला अंडरग्राउंड रेल्वे म्हणायचे, त्या नावाने मुलांचा हमखास गोंधळ होतो.

हिशेबनीस
गोड आहे भाचा. त्याला सांगा गाडी नव्हती, रूळ नव्हते, फक्त माणसं होती. लपवणारं घर म्हणजे स्टेशन, वाट दाखवणारा म्हणजे कंडक्टर, पळणारा म्हणजे प्रवासी. विल्मिंग्टनला थॉमस गॅरेट नावाचे क्वेकर (गुलामगिरीविरोधी ख्रिस्ती पंथ) गृहस्थ, लोखंडाचे व्यापारी, ते बूट द्यायचे पैसे द्यायचे पुढची सोय करायचे. फिलाडेल्फियात विल्यम स्टिल, स्वतः कृष्णवर्णीय, ते येणाऱ्या प्रत्येकाची नोंद करायचे. नाव, कुठून आला, मालक कोण, मागे कोण राहिलं. हे का लिहायचे, तर पुढे घरचे एकमेकांना शोधतील म्हणून. आणि त्यांना स्वतःला ते कळलं होतं कारण १८५० ला समोर बसलेला एक माणूस आपली हकिकत सांगत होता आणि ऐकता ऐकता स्टिलना समजलं की हा आपला सख्खा भाऊ आहे, आईला पळताना मागे ठेवावा लागलेला.

आज आपण ७० म्हणू शकतो ते अशा वह्यांमुळे. त्या वह्या सापडल्या असत्या तर किती घरं उद्ध्वस्त झाली असती, तरी लिहिल्या. म्हणून मला खरा आकडा सोडवत नाही मास्तर.

सातारकर_मास्तर
स्टिलांची गोष्ट माहीत नव्हती. भावाचं वाचून गलबललो. तरीही माझा मुद्दा कायम आहे पण आता जरा कमी जोरात.

कोमल_गंधार
मला तिचं सगळ्यात जास्त काय भिडतं तर ती 'गुलामांना' सोडवायला गेलीच नव्हती, ती तिच्या घरच्यांना आणायला गेली होती. तिच्या तीन मोठ्या बहिणी तिच्या लहानपणीच दक्षिणेत विकल्या गेल्या, परत कधी दिसल्या नाहीत. धाकट्या भावाला विकायला व्यापारी आला तेव्हा आईने, रिट तिचं नाव, त्याला महिनाभर लपवला आणि शेवटी दारात उभी राहून सांगितलं की जो पहिला आत येईल त्याचं डोकं फोडीन. मालकाने सौदा मोडला. ही गोष्ट तिने लहानपणी ऐकलेली, म्हणजे 'नाही' म्हणता येतं हे तिला घरातच कळलं होतं.

आणि पहिलीच सुटका बघा. डिसेंबर १८५०, भाची केझाया आणि तिची दोन पोरं, जेम्स आणि तान्ही अरामिंटा, केंब्रिज गावात कोर्टाच्या पायऱ्यांवर लिलावाला उभी. बोली लावली कोणी तर तिच्याच नवऱ्याने, जॉन बाउलीने. तो स्वतंत्र होता, जहाजावर सुतारकाम करायचा. लिलाव करणारा जेवायला गेला, परत येऊन पैसे मागतो तर पैसे देणारा गायब आणि बायको-पोरंही गायब! जवळच्या घरात लपले आणि मग होडीने थेट बाल्टिमोरला. तिथे हॅरिएट वाट बघत होती. डिसेंबरमधली चेसापीकची खाडी, उघडी होडी, मांडीवर तान्हं.

रानजाई, लेकीला ही गोष्ट सांगा. आकडा विसरेल ती.

मांडवीकाठ
थोडं अवांतर होईल पण लिहू दे. आमच्या गोव्यात पोर्तुगीज मोझांबिकहून माणसं गुलाम करून आणायचे, शेकडो वर्षं चाललं ते. आणि तिथेही लोक पळालेच. घाट चढून रानात शिरले. आज उत्तर कन्नडमध्ये यल्लापूर-हल्याळकडे सिद्दी लोक आहेत, कोंकणी बोलतात, त्यांच्यात असे पळून आलेल्यांचे वंशज आहेत असं मानतात. मी कॉलेजात असताना तिकडे गेलो होतो, एक आजी माझ्या आजीसारखीच कोंकणी बोलली आणि मी नुसता बघत राहिलो. त्यांना वाट दाखवणारं कोण होतं, त्या बाईचं किंवा बाप्याचं नाव आपल्याकडे कुणी वहीत लिहिलं नाही. स्टिलचं वाचून ते आठवलं.

चिमणचारा
अवांतर कसलं, यावर वेगळा धागा काढाच.

सुलभामावशी
मी फारशी लिहीत नाही, वाचनमात्र असते. पण एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही.

नाताळ १८५४. तिचे तीन भाऊ, बेन रॉबर्ट आणि हेन्री, सणानंतर विकले जाणार होते. तिने जेकब जॅक्सन नावाच्या ओळखीच्या माणसाला दुसऱ्याकडून पत्र लिहवून घेतलं (तिला लिहिता-वाचता येत नव्हतं) की माझ्या भावांना सांग, प्रार्थना करत जागे राहा, सियोनचं जहाज आलं की चढायला तयार असा. पत्र आधी गोऱ्यांनी फोडून वाचलं, काही कळेना, जॅक्सनला बोलावलं. त्याने पत्र चटकन वाचून टाकून दिलं, म्हणे हे माझं नव्हेच, मला ना आगा कळतोय ना पिछा. आणि तडक जाऊन भावांना निरोप दिला!

रॉबर्टची बायको त्याच रात्री बाळंत होत होती. तो थांबला, मुलगी झाली, आणि मग निघाला. तो कसा निघाला असेल आणि ती कशी राहिली असेल.

सगळे आईवडिलांच्या खोपटाजवळ मक्याच्या कडब्याच्या खोलीत लपले. बाहेर पाऊस. आईला सांगितलं नाही, कारण ती आनंदाने किंवा दुःखाने ओरडली असती आणि सगळे सापडले असते. आईने सणासाठी डुक्कर मारलं होतं, मुलं जेवायला येणार म्हणून स्वयंपाक करून दिवसभर दारात येऊन कपाळाला हात लावून रस्त्याकडे बघत होती. मुलं फटीतून तिला बघत होती. हॅरिएटने आईला पाच वर्षांत पाहिलं नव्हतं.

वडील, बेन रॉस, त्यांना माहीत होतं. त्यांनी जेवण आणून दिलं पण मुलांकडे पाहिलं नाही. रात्री निघायच्या वेळी डोळ्यांना फडकं बांधून आले, दोन्ही बाजूंना मुलांनी हात धरले, आणि थोडं अंतर सोबत चालले. नंतर मालकाची माणसं विचारायला आली तेव्हा म्हणाले, मी या सणात माझ्या एकाही मुलाला पाहिलेलं नाही. खोटं न बोलणारा माणूस म्हणून त्यांची ख्याती होती, विश्वास बसला. मुलं पुढे गेल्यावर पावलांचा आवाज ऐकू यायचा थांबेपर्यंत ते वाटेत तसेच उभे राहिले, आणि मगच फडकं सोडलं.

मी एका मुलाची आई आहे जो दूर असतो. हे लिहितानाही हात थांबतोय.

रानजाई
सुलभामावशी 🙏 हे मी रात्री सासऱ्यांना वाचून दाखवलं. ते सध्या सांगलीहून आलेत आमच्याकडे. काही बोलले नाहीत, उठून बाल्कनीत गेले.

नर्सिणबाई
सगळे १८६० च्या आधीचंच बोलताय म्हणून माझी भर. मी पेशाने नर्स, मला ती परिचारिका म्हणून जवळची. यादवी युद्धात साउथ कॅरोलिनात बोफर्टला ती सैनिकांची आणि पळून आलेल्या लोकांची शुश्रूषा करायची, रक्ती आव पडलेल्यांना रानातली मुळं उकळून काढा द्यायची. पगाराचा पत्ता नाही, म्हणून दिवसभर ड्यूटी आणि रात्री पाय भाजायचे नि विकायला द्यायचे, त्यावर स्वतःचा खर्च. (पाय म्हणजे खायचा, गोड भरलेला.)

आणि २ जून १८६३ ची कोंबाही नदीवरची मोहीम! तिने हेर पेरून पाणसुरुंग कुठे आहेत ते काढलं, कर्नल माँटगोमेरीच्या आगबोटींसोबत गेली आणि एका रात्री-पहाटेत ७५० च्या वर माणसं मोकळी झाली. बायका धावत येतायत, डोक्यावर चुलीवरून तशीच उचललेली वाफाळती भाताची हंडी, पाठीला पोर, मानेला दुसरं पोर, पिशवीत डुक्कर, असं वर्णन तिनेच हसत हसत केलंय. चुलीवरचा भात सोडून निघवत नाही हे कोणत्याही बाईला कळेल.

म्हणजे ३०० चा हट्टच असेल तर हे ७५० घ्या की!

हिशेबनीस
नर्सिणबाई, एकदम मान्य, फक्त दोन्ही वेगळे सांगावेत. तिथे सैन्य होतं, सोबत दोनशे-तीनशे कृष्णवर्णीय शिपाई होते. ७० च्या वेळी ती एकटी होती.

नर्सिणबाई
हो हो, बरोबर.

आडवाटेचा_पांथस्थ
आणि त्या सगळ्याचं पेन्शन मिळायला १८९० चं दशक उजाडलं. आधी युद्धात लढलेल्या नवऱ्याची विधवा म्हणून महिना ८ डॉलर, १८९९ ला नर्स म्हणून वाढवून २०. हेर म्हणून, मोहीम केली म्हणून, काही नाही. २० डॉलरच्या नोटेवर तिचं चित्र आणायचं २०१६ ला जाहीर झालं, अजून वाट बघतोय.

कोमल_गंधार
नोटेबद्दल माझं मत वेगळं आहे. बेन रॉसने १८५५ ला स्वतःच्या बायकोला, हॅरिएटच्या आईला, मालकिणीकडून विकत घेतलं ते किती डॉलरला? वीस. मला ती नोट हातात धरवणार नाही.

आडवाटेचा_पांथस्थ
मला उलट वाटतं, त्याचसाठी हवी. पण तुमचं म्हणणं डोक्यात राहील.

पुणेरी_वाडा
आज १० मार्च म्हणून हा धागा वर काढतो. आज हॅरिएट टबमनचा स्मृतिदिन, १९१३, ऑबर्न (न्यूयॉर्क राज्यातलं तिचं गाव), न्यूमोनिया. आणि आजच सावित्रीबाईंचाही, १० मार्च १८९७, प्लेगच्या साथीत आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेलं आणि त्यातच गेल्या. दोघींची जन्मसालंही जवळजवळ, १८२२ आणि १८३१. म्हणजे कोंबाही नदीवर बाई माणसं बोटीत चढवत होती त्याच १८६३ साली पुण्यात फुले दांपत्य फसवल्या गेलेल्या विधवांसाठी घराचं दार उघडत होतं. त्या एकमेकींना ओळखत असतील असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण जोतीरावांनी १८७३ ला 'गुलामगिरी' छापलं ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं. आपल्याकडून तिकडे नजर गेलेली होती, दीडशे वर्षांपूर्वी.

सातारकर_मास्तर
वाडेकर, उत्तम आठवण. आणि टबमनबाईंनी शेवटी ऑबर्नला निराधार म्हाताऱ्यांसाठी घर काढलं १९०८ ला, आणि स्वतःही तिथेच गेल्या, हेही जोडतो. मी वाचायला लागलोय हो हिशेबनीस.

हिशेबनीस
😊 मग मास्तर, एक जड गोष्ट. १८९६ ला बायकांच्या मताधिकाराच्या सभेत ती म्हणाली, माझी गाडी कधी रुळावरून घसरली नाही आणि माझा एकही प्रवासी मी गमावला नाही. खरंच आहे. पण जे गाडीत चढूच शकले नाहीत त्यांचं काय? बहीण रेचल. तिला आणायला किती वर्षं प्रयत्न केले, पण रेचलची दोन मुलं, बेन आणि अँजेरीन, वेगळ्या ठिकाणी ठेवलेली आणि ती मुलांशिवाय निघेना. १८६० च्या शेवटी हॅरिएट पोचली तर रेचल वारलेली. मुलांना बाहेर काढायला लाच द्यावी लागणार होती ३० डॉलर. तेवढे नव्हते. मुलं तिथेच राहिली. ती मोकळ्या हाताने परत नाही आली, एनल्स कुटुंबाला, त्यांची लहान मुलं, तान्ह्याला अफूचा अर्क देऊन झोपवत, बर्फातून घेऊन आली. ती तिची शेवटची फेरी.

तीस डॉलर. हे माहीत असलं की ७० कडे बघायची नजर बदलते.

कोमल_गंधार
…

सातारकर_मास्तर
माझा आक्षेप मागे. पोरीला खरं सांगा ताई.

रानजाई
मंडळी, उशीर झाला कळवायला, कार्यक्रम परवा झाला.

भाषण तिने पुन्हा पहिल्यापासून लिहिलं, स्वतः. आकडा एकदाच, "साधारण सत्तर", आणि लगेच नावं घ्यायला लागली, केझाया, जेम्स, तान्ही अरामिंटा, बेन, रॉबर्ट, हेन्री, आणि रेचल आली नाही असं सांगून जरा थांबली. तालमीत हे नव्हतं. वेळ संपत आल्याची घंटा वाजली तरी नावं चालू होती, बाईंनी थांबवलं नाही.

शेवटी सुलभामावशींचा प्रसंग. आजोबांना स्टेजवर बोलावलं, माझी जुनी इरकली ओढणी त्यांच्या डोळ्यांवर बांधली, हात धरून चार पावलं चालली, हात सोडला आणि विंगेत निघून गेली. टाळ्या झाल्या. आजोबा तिथेच उभे. निवेदिकेने पुढच्या मुलाचं नाव पुकारलं, तो येऊन माइकसमोर उभा राहिला, तरी हे ओढणी सोडेनात. मी धावत गेले, म्हटलं बाबा झालं, चला. तर म्हणाले, थांब गं, मागे तिच्या चपला वाजतायत अजून.